बाटलीवर जगलेले मामाजी

वाशीम ते रिसोड या सबंध पट्ट्यात औषधाच्या बाटलीवर माझ्या मामाजींइतकी श्रद्धा ठेवणारा माणूस दुसरा झाला नाही. मामाजी म्हणजे माझ्या आत्याचे यजमान; आमच्याकडे त्यांना मामाजीच म्हणतात. रिठदला त्यांचा मळा होता. गाजर, पालक, मेथी, कोहळी, बांधाला लिंबं आणि विहिरीच्या अंगाला संत्र्याची बाग. बाजाराच्या दिवशी ते गाजर-पालकाची बैलबंडी भरून वाशीमला न्यायचे, तो सगळा कस तिथल्या लोकांच्या पोटात घालायचे आणि परत येताना ताकदीची एक बाटली विकत घेऊन यायचे. "गाजर इकाचं अन गाजराचं सत्त्व इकत आणाचं," आत्या चुलीपासूनच म्हणायची, "असा येपार आमच्याच घरी होते वं माय!" मामाजी तिच्याकडे दयेनं बघायचे. त्यांच्या मते बाई अडाणी होती. गाजरावर कुठं लेबल असतं?

झाडांच्या बाबतीत हा माणूस फार जाणता. कोणत्या झाडाला किती घमेली शेणखत लागेल ते बांधावरून नुसतं बघून सांगायचे आणि एक घमेलं जास्त पडलं तर सालदाराला फैलावर घ्यायचे. स्वतःच्या देहाची मशागत मात्र त्यांनी कसलाही हिशोब न ठेवता केली. वैद्यानं बोटभर चाटायला सांगितलेलं औषध ते वाटीत काढून घेत. माशाचं तेल प्यायचे तेव्हा गळ्यातली तुळशीची माळ उलटी पाठीवर टाकत, म्हणजे तिला दिसू नये. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मासा गेला समुद्रात राहून, तेल आलं दुकानात. तेलाले काय जीव असते रे?" पुढं महायुद्धाच्या दिवसांत जीवनसत्त्व नावाची नवी वस्तू दुकानांत आली, आणि तिचे अ, ब, क, ड असे प्रकार आहेत हे मीच त्यांना सांगितलं. घरात इंग्रजी वाचणारा मी एकटा, त्यामुळे लेबलं वाचण्याचं पौरोहित्य आपोआप माझ्याकडं आलं होतं. मामाजी हरखले. रोज सकाळी ओळीनं चारी गोळ्या गिळून ते ढेकर देत आणि सांगत, "झाली आजची अंकलिपी."

या इतक्या खतपाण्यावर त्यांच्या उजव्या गालात एक गाठ उगवली. चाळीस वर्षं त्या गालात तंबाखूचा बार धरला होता, पण मामाजींचं म्हणणं पडलं की एखादं जीवनसत्त्व कमी पडलं असावं. अकोल्याच्या डॉक्टरांनी गाल पाहिला आणि लगेच मुंबईची चिठ्ठी दिली. कॅन्सर हा शब्द घरात कुणी उच्चारला नाही. आत्यानं तो माझ्या तोंडावरच वाचला असावा, कारण तिनं काही न विचारता सातूचं पीठ दळायला घेतलं.

मुंबईला आम्ही तिघं धर्मशाळेत उतरलो. दवाखान्यात एका मोठ्या यंत्राखाली निजवून त्यांच्या गालावर किरणांचा शेक द्यायचे. असं बरेच आठवडे चालणार होतं. डॉक्टर सज्जन होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मामाजींना समोर बसवून सांगितलं, "शेक चालू आहे तोवर मला विचारल्याशिवाय वरून काहीही घ्यायचं नाही. गोळी नाही, तेल नाही, टॉनिक नाही. किरणांना त्यांचं काम करू द्या. गाठ जायला हवी असेल तर पोटभर जेवा, वजन उतरू देऊ नका. अंगात ताकद राहिली नाही तर मला शेक मधेच थांबवावा लागेल." मामाजींनी मान डोलवली. ते इतक्या नम्रपणे मान डोलवू लागले की आत्याला नेहमीच शंका यायची.

आठच दिवसांत सातूच्या पिठाला मासळीचा वास येऊ लागला. आत्यानं डबा परातीत उपडा केला, तर पिठातून एकामागून एक चार बाटल्या घरंगळत बाहेर आल्या.

"हे काय होय?" आत्या म्हणाली.

मामाजी जराही शरमले नाहीत. "अवं, किरणं वरून जाळून राह्यले. म्या आतून भरून राह्यलो. दोन्ही कामं संगच उरकते."

"डाक्तरनं नाई म्हटलं ना तुमाले?"

"डाक्तरले शेतीतलं काय समजते?"

आत्यानं बाटल्यांवरचं पीठ परातीत झटकलं आणि शांतपणे म्हणाली, "बरं, मले एक सांगा. संत्र्याले ताण देता तवा काय करता?"

ताण म्हणजे काय ते इथं सांगायला हवं. बहर धरायचा असला की आमच्याकडे संत्र्याचं पाणी तोडतात. खत तर दाखवतही नाहीत. झाड मलूल होतं, पानं गळतात, बघवत नाही. पण त्या दिवसांत कुणी दया येऊन पाणी सोडलं की झाड पालवतं आणि बहर बुडतो. ताण पुरा झाला की मग खणणी, मग खत, मग पाणी.

"पाणी तोडतो," मामाजी म्हणाले.

"अन माह्या लग्नाच्या वर्षी म्या दोन झाडाले घागर-घागर पाणी टाकलं होतं. पानं गयून राह्यले म्हून जीव कयवयला माहा. तुमी महिनाभर माह्यासंग बोलले नाई. मायबापाचा उद्धार केला तो येगयाच. आता तुमीच ताणावर आहा, अन तुमीच चोरून पाणी टाकून राह्यले. तुमच्यासंग कोनं बोलाचं नाई मंग?"

डॉक्टरांनी इतकं समजावूनही डोक्यात न शिरलेली गोष्ट एका घागरीनं आत गेली. थोड्या वेळानं त्यांनी बाटल्या स्वतःच्या हातानं पुसल्या आणि माझ्या ट्रंकेत ठेवायला दिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना ताण कशाला म्हणतात ते बैजवार समजावून दिलं, अर्थात स्वतःचाच शोध असल्यासारखं. डॉक्टर हसून म्हणाले, "तुमच्या ध्यानात राहत असेल तर असंच समजा."

पुढचे आठवडे मात्र हसण्यासारखे नव्हते. गाल आतून सोलून निघाला. लाळ आटली, चव गेली. दुधाचा घोटसुद्धा तिखट लागे. मामाजी घासाला माती म्हणत, वाटी ढकलत, एकदा तर त्यांनी ती भिंतीवर फेकली. वजन रोज उतरत होतं आणि शेक थांबला तर गाठ राहणार, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. आत्या भिंत पुसायची आणि पुन्हा चुलीपुढं बसायची. कोहळं, दुधी, मुगाची डाळ, काय काय शिजवून फडक्यातून गाळायची आणि चमच्याचमच्यानं भरवायची. एक वाटी संपायला सकाळची दुपार व्हायची. शेक एकदाही थांबला नाही. पुढं गाठ विरली. रिठदला परतायची वेळ आली तरी ते गाळलेलंच खात होते. तेव्हा डॉक्टरांनी निरोपाला एक साधं टॉनिक लिहून दिलं. जेवणावर एक चमचा, तेही मामाजींचा चेहरा बघवेना म्हणून असावं.

झालं! गावात पाऊल ठेवल्याबरोबर मामाजींनी ती बाटली पारावर नेऊन ठेवली. मोटेवरचे, बंडीवरचे, सगळे गोळा झाले. "ह्याच औषधानं वाचवलं मले," ते सांगायचे. "मरणाच्या दारातून वापस आणलं. म्या शिव्या देल्ल्या, फेकून देल्लं, पण त्यानं काही पिच्छा सोडला नाई माहा." ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. ज्याला गळू झालं त्यानं ती बाटली आणली, ज्याच्या बैलाला धाप लागायची त्यानंही आणली. लेबल वाचायला मी होतोच. आत्या डोक्यावर पाटी घेऊन पारावरून जायची, पदर पुढं ओढायची आणि पुढं निघून जायची. पुढं मीही ही कथा लग्नाच्या मांडवांत, कचेरीत, प्रवासात शेकडो वेळा सांगितली. माशाचं तेल, माळ, अंकलिपी, बाटली. लोक पोट धरून हसत. कथेला खुमारी यावी म्हणून मी फडक्यातून गाळलेलं कोहळं दर वेळी गाळूनच टाकलं.

काही वर्षांनी एका पावसाळ्यात आत्या तापानं गेली. मामाजींची गाठ परत आली नव्हती; फळीवर बाटल्या भरलेल्या होत्या आणि चमचा वेळच्या वेळी पोटात जात होता. तरी ते खंगत चालले. मी भेटायला गेलो तेव्हा ताट समोर तसंच होतं.

"दुकान तेच, बाटली तीच," ते म्हणाले, "पण आता लागून नाई राह्यली."

मी शहाण्यासारखं म्हणालो, "नवीन चांगलं निघालं असेल एखादं. बघू का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. आत्याकडं बघायचे तसंच, दयेनं. "कोहयं शिजवता येते का तुले?"

मला येत नव्हतं. मग त्यांनीच सांगितलं. फोड केवढी करायची, पाणी किती, मीठ अगदी शेवटी, फडकं ओलं करून घ्यायचं, वाटी कोमट झाली की नाही ते मनगटावर थेंब टाकून बघायचं. तोंड सोललेलं असताना, शिव्या देताना, या माणसानं सगळं बघून ठेवलं होतं.

"मग मामाजी, पारावर बाटलीचं कौतुक काहून करत होते तुम्ही?"

"लेका, पारावर बसून बायकोचं कौतुक करते का कोनी?" ते म्हणाले. "लोकं हासले असते. तीच लाजून मेली असती. पण बोलल्याबिगर तर राहवत नव्हतं."

त्या दिवशी मी चूल पेटवली. कोहळं करपलं. मामाजींनी ते अर्धी वाटी खाल्लं, नावं ठेवली नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात तेही गेले.

मी आता त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा म्हातारा झालो आहे आणि माझ्यापुढं कुठला पार नाही, हसायला कुणी उरलेलं नाही. म्हणून एवढं लिहून ठेवतो. मामाजी बाटलीवर जगले नाहीत. आत्याचं नाव अनसूया होतं.