तोरणाखालची बेहडाटोली

प्रिय ओवी आणि अथर्व,

आम्ही बेहडाटोली सोडली त्या सकाळी तुमच्या आजोबांनी घराचं सागवानी दार उखडून ट्रॅक्टरमध्ये चढवलं. मग कुलूप हातात घेऊन ते कितीतरी वेळ उभे राहिले. लावायला दारच उरलं नव्हतं. शेवटी त्यांनी ते खिशात टाकलं आणि बैलांच्या पुढे चालू लागले.

तीसेक घरांची ती टोली. जंगल वाघांसाठी मोकळं करायचं ठरलं, ग्रामसभेत हात वर झाले, आमचेही झाले. मला कागद नीट लावायची सवय. संमतीपत्र, पंचनामा, नव्या प्लॉटचा नकाशा, सगळं क्रमाने फाइलला लावत गेले. शेवटचा कागद अगदी छोटा होता: बेहडाटोली हे गाव यादीतून कमी करण्यात आलं आहे. आजोबांनी तो हातात घेतला नाही.

सडक अर्जुनीच्या बाजूला, हायवेलगतच्या एका मोठ्या गावाच्या कडेला आमची कॉलनी झाली. सरळ रस्ते, नळ, टाइल्सची न्हाणी. इथे सुख नाही असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. टोलीत पावसाळ्यात आजारी माणसाला खाटेवर घालून नाला ओलांडावा लागे. इथे दवाखाना रिक्षाच्या अंतरावर आहे आणि तुमच्या बाबांचा व्हिडिओ कॉल तुटत नाही. बैलांना मात्र हे पटलं नव्हतं. आमचा खैऱ्या आणि त्याचा जोडीदार लाल्या सोडले की जुन्या वाटेला लागत. आजोबा त्यांना फॉरेस्टच्या गेटवरून वळवून आणत. बैलांवर ते कधी रागावत नसत.

मग पोळा आला. तुम्ही पोळा फोटोंतच पाहिलात, म्हणून सांगते. आंब्याच्या पानांचं एक लांब तोरण बांधतात, गावातले सगळे बैल सजवून त्याखाली रांगेने उभे करतात. एका गावाचं एक तोरण. बेहडाटोलीचं स्वतःचं होतं. आता त्या मोठ्या गावाने निरोप पाठवला की आमच्याच तोरणाखाली या. मी आपली ग्रामपंचायतीकडे वेगळ्या तोरणासाठी मुद्देसूद अर्ज घेऊन गेले. तिथल्या बाबूने अदबीने चहा पाजला आणि सांगितलं, बाई, ज्या गावाचं नाव यादीत नाही, त्याच्या नावाने अर्ज कसा घेऊ?

आजोबा म्हणाले, बैल बाहेर काढणार नाही. मी समजूत घालू लागले तेव्हा त्यांनी एवढंच म्हटलं, "त्या तोरनाखाली उभा राहिलो का टोली सरली. कागदानं नाही सरली अजून."

पोळ्याच्या दुपारी त्या गावचे म्हातारे बुधाजी स्वतः आले. तोरण बांधण्याचा मान त्यांच्या घराण्याचा. बैल गोठ्यात तसेच, बिनझुलीचे पाहून ते ओट्यावर टेकले.

"काऊन जी, कायले बसून राहिले?"

"आमाले पाहुन्यावानी शेवटी उभं राहाचं नाही."

"आज सन बैलाचा हाय, तुमचा नाही," बुधाजी म्हणाले. "वर्षभर राबले ते. तुमच्या रुसन्यापायी त्याइनं उपाशी राहावं?"

आजोबा उठले. त्यांनी बैल धुतले. मी घाईघाईने शिंगांना बेगड चिकटवली.

तोरणाजवळ बाया जात नाहीत. मी शाळेच्या भिंतीशी उभी राहून पाहत होते. आमचे बैल रांगेच्या अगदी शेवटी. झडत्या सुरू झाल्या. झडती म्हणजे समोरच्याला टोमणा मारणाऱ्या दोन ओळी. जो तो दुसऱ्याची खोडी काढतो, लोक हर हर महादेव करतात. बुधाजी पुढे आले आणि थेट आजोबांकडे पाहून म्हणाले,

"वाघासंग राहिले बेहडाटोलीवाले,
टरकाचा भोंगा आयकून गोठ्यात पयाले!"

सगळे हसले. आमची माणसं आजोबांकडे पाहू लागली. आजोबांनी कासरा दुसऱ्या हातात घेतला आणि उत्तर दिलं,

"सडकेवरच्या गावाची ऐट लय भारी,
बैल कुठं गेले? ट्रॅक्टर दारोदारी!"

त्यावर जो गलका झाला तो दोन गावांचा होता. घरी आल्यावर मी बैलांना ओवाळलं. आजोबा पाय धुता धुता म्हणाले, "टोलीचं नाव घेतलं त्याइनं." त्यानंतर ते दर पोळ्याला गेले, अगदी आजारपणातही. रांगेत शेवटीच उभे राहिले, आणि कोणी पुढे बोलावलं तरी हलले नाहीत.

माळव्यातून आलेल्या आपल्या पूर्वजांनी गाड्या सोडल्या तिथे आपलं गाव झालं, असं मी तुमच्या बाबांना लहानपणी सांगत असे. ते फार सोपं करून सांगितलं होतं. तिथे आधीपासून असलेल्यांनी त्यांना टोमणा मारून काहीतरी नाव ठेवलं असेल, आणि त्यांनी उत्तर दिलं असेल, तेव्हा कुठे ते गाव झालं असेल.

यंदा आजोबांशिवायचा पहिला पोळा. आमच्या बाजूला दोनच जोड्या उरल्या आहेत. टोली कधीही न पाहिलेल्या, त्या गावच्या एका तरुण शेतकऱ्याने बेहडाटोलीवर झडती म्हटली, वाघाची, नवी केलेली. आमच्याकडून कोणी पुढे होईना. लोक दुसरीकडे पाहू लागले.

मी शाळेची भिंत सोडली. माणसांनी वाट दिली, बहुधा आश्चर्याने. यमक धड जुळलं नाही आणि आवाज चिरका निघाला, पण उत्तर दिलं. बुधाजी आता काठीवर चालतात; पहिलं हर हर महादेव त्यांनीच केलं.

तुमची आई म्हणते, कायमची इकडे येऊन राहा ना. मी येईन, राहीन, तुमच्या बर्फात फिरेनही. परतीचं तिकीट मात्र पोळ्याच्या आधीचं काढा. तोरणाखाली बेहडाटोलीला कोणी काही म्हणालं, तर उत्तर द्यायला आमच्यापैकी कोणी हवं.

तुमची आजी