लिटरला वीस, कात्रजमार्गे

टाकी काठोकाठ भरली, मीटर शून्यावर आणला आणि विश्रांतवाडीच्या पेट्रोलपंपावरून ऐटीत बाहेर पडलो. पहिल्याच सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढली.

"काका, टाकीचं झाकण टपावर वाळत घातलंय का?"

झाकण टपावरच होतं. पडलं कसं नाही? तेवढा हळू मी चालवत होतो. सौ.ने रिक्षावाल्याचे आभार मानले आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पहाटे सहाला निघायचं ठरवून माझ्या झोपेपायी नऊला निघालो होतो. त्याबद्दलचं तिचं बोलणं अजून पुरतं संपलं नव्हतं.

प्रवास होता तो आमच्या सतरा वर्षांच्या गाडीच्या परीक्षेचा. घेतली तेव्हा जाहिरातीत 'लिटरला वीस किलोमीटर' असं छापलं होतं. "वीस राहू द्या," सौ. काल म्हणाली होती, "पंधरा दिले तरी ठेवू. नाहीतर परवा गिऱ्हाईक येतंय, देऊन टाकू." याच गाडीतून आमची लेक दवाखान्यातून पहिल्यांदा घरी आली. मला ती द्यायची नव्हती. म्हणून कात्रजचा जुना घाट ओलांडून खेड-शिवापूरच्या बाजूला जायचं, परत येऊन त्याच पंपावर टाकी भरायची आणि काय तो निकाल लावायचा.

एसी बंद. प्रत्येक सिग्नलला इंजिनही बंद. लाल आकडे उतरत आले की किल्ली फिरवायची, हा आपला पुणेरी रिवाज. मार्केट यार्डात सौ.ने आयत्या वेळी गव्हाचं पोतं घेतलं.

"अगं, वजनाने मायलेज पडतं!"

"मग तुम्ही उतरा. पोत्यापेक्षा जास्त फरक पडेल."

कात्रज चौकात सिग्नल सुटला, गाडी सुटेना. इतक्या वेळा बंद-चालू करून बॅटरीने मान टाकली होती. मागे हॉर्नचा कल्लोळ. दुधाच्या टेम्पोतून एक धिप्पाड गृहस्थ उतरले. सौ. दार उघडू लागली, तर म्हणाले, "ताई, बसा तुम्ही. तुमचं काय वजन हाय?" मग त्यांना मागचं पोतं दिसलं. "आवं, दळणाला निघालाय व्हय?" त्यांनी आणि हॉर्न वाजवणाऱ्यांपैकीच दोघांनी गाडी ढकलली. ती खोकली, शिंकली आणि चालू झाली. आभार मानायला थांबायची सोय नव्हती, म्हणून इथे मानतो.

दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत कण्हत घाट चढलो. माथ्यावर गार वारा होता, खाली धुरकट उन्हात सगळं पुणे पसरलेलं. थांबायचा मोह आवरला. पलीकडे उतरल्यावर एका घरगुती खानावळीत गरम भाकरी, ठेचा आणि माडगं (हुलग्याच्या पिठाचं पातळ कढण) मिळालं. बंद केली तर पुन्हा कोण ढकलणार, या भीतीने गाडी दारात चालूच ठेवली होती. वाढणाऱ्या मावशी दोनदा बाहेर डोकावल्या.

"गाडीला बी जेवू घालताय जनू?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पण माडगं इतकं चवदार होतं, की मी आणखी एक वाटी घेतली.

संध्याकाळी पंपावर निकाल लागला: लिटरला अकरा.

घरी येताना ती जाहिरात आठवत होती. जाहिरातीतल्या रस्त्याला सिग्नल नसतात, घाट नसतो, गाडीत पोतं नसतं. आम्ही मात्र सतरा वर्षं हे सगळं तिच्यावर लादलं आणि तिने दर वेळी आम्हाला घरी आणून सोडलं. आजही, ढकलून का होईना. दारात गाडी लावली आणि किल्ली सौ.च्या हातात दिली.

तिने तिथेच उभं राहून गिऱ्हाइकाला फोन लावला. "उद्या येऊ नका. गाडी द्यायची नाही."

"अगं, पण अकराच दिले तिने!"

"सासूबाईंनी लग्न ठरवताना सांगितलं होतं, आमचा मुलगा रोज पहाटे पाचला उठतो," ती म्हणाली. "तुम्हाला कुठे परत केलं मी? पोतं उतरवा."