आक्कांनी परत पाठवलेली गिऱ्हाइकं

आलेल्या गिऱ्हाइकाला काहीही न विकता समाधानानं परत पाठवण्याची कला माझ्या थोरल्या नणंदेइतकी अख्ख्या नगर जिल्ह्यात कुणाला साधली असेल असं मला वाटत नाही. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो. यजमान गेल्यापासून त्या देवळाली प्रवऱ्याला एकट्याच राहतात. मी संगमनेरात घरबसल्या पर्यावरणपूरक वस्तूंचं ऑनलाइन दुकान काढलं, तेव्हा मदतीला म्हणून त्यांना बोलावून घेतलं. दुकान म्हणजे काय, तर बैठकीतलं एक कपाट, एक मोबाईल आणि माझा दांडगा उत्साह. बांबूचे ब्रश, कडुलिंबाचे कंगवे, अंग घासायला वाळलेली घोसाळी असा माल मी बाहेरून मागवायचे आणि चार पैसे चढवून विकायचे. त्यातलं मी स्वतः काय वापरत होते, ते कृपा करून विचारू नका. माल यायचा प्लॅस्टिकच्या तीन-तीन पिशव्यांत गुंडाळून. आक्का त्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालायच्या आणि मी ब्रशांचे फोटो काढताना मागची दोरी दिसू नये म्हणून धडपडायचे.

गिऱ्हाइकाशी बोलताना मला घाम फुटायचा, म्हणून फोनचं काम मीच आक्कांच्या गळ्यात घातलं. कुणा बाईनं घोसाळ्याची किंमत विचारली की आक्का आधी तिचं माहेर विचारणार, पोरंबाळं विचारणार आणि मग म्हणणार, "अगं, इकत कशाला घेती? दारात येल लाव. घोसाळ्याला पैसं देतं व्हय कुनी?" वर ब्रशाच्या पार्सलात घोसाळ्याचं बी पुडीत बांधून धाडायच्या. आमचं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नसे, कारण आक्का पहिल्याच फोनवर त्याची कायमची सोय लावून देत.

पार्सलात भरायला काहीतरी नैसर्गिक हवं, असं मी एकदा बोलून गेले. आठवड्यानं आक्का गावाकडून उसाच्या पाचटाचं गाठोडं घेऊन एसटीतून उतरल्या. मी हरखलेच. 'शेतातून थेट तुमच्या दारी' अशी जाहिरातही करून टाकली. मी शेतकऱ्याची सून खरी, पण उसात कधी पाय घातलेला नाही. पाचटाची कुसं हाताला लागली की काय होतं, ते मला पुण्याच्या एका बाईंनी फोनवर सविस्तर सांगितलं. त्यांनी नाजूक त्वचेचा साबण मागवला होता. आक्कांनी माझ्या हातातून फोन घेतला. "खाजतंय व्हय? खोबरेल लावा, जातंय. आमी जलमभर त्यातच काम केलं."

मग एका लग्नघरची ऑर्डर आली, पाहुण्यांना वाटायला दोनशे कापडी पिशव्या. दुकान तरायचं तर याच ऑर्डरवर, असं मी घरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आक्कांनी नवरीच्या आईला फोनवर जुन्या साड्यांच्या पिशव्या घरीच शिवायला सुचवलं, आणि त्या माउलीला ते पटलंही. माझा तोल गेला. "आक्का, तुम्ही माझं दुकान बुडवायला आलात का?" दुसऱ्या दिवशी सकाळी "घर बंद हाय, जरा बघून येते" म्हणून आक्का गेल्या, त्या परत आल्या नाहीत.

दुकान मात्र सुधारलं. गिऱ्हाइकं दुसऱ्यांदा येऊ लागली, कुणालाही खाज सुटली नाही. आणि मला दिवसभर भांडायला माणूस उरलं नाही. तीन महिने मी मोठ्या दिमाखात कळ काढली, मग येते म्हणून कळवलं आणि देवळालीला गेले. आक्कांनी चहा केला, भाकरी केली. मनात एक होतं आणि तोंडातून भलतंच निघालं. "आता दुकान अगदी नीट चाललंय, आक्का."

"मग ब्येस झालं की," त्या म्हणाल्या, आणि मला स्टँडवर सोडायला आल्या.

बसमध्ये मी स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. कोल्हार जवळ आलं तेव्हा कुठे धीर करून फोन लावला. "आक्का, दुकानाचं मरू द्या. मला तुमच्यावाचून करमत नाही."

"तू येनार म्हनून सकाळीच पिशवी भरून ठिवली हुती," त्या म्हणाल्या. "तू दुकानाचंच बोललीस. मग तुला बशीत बसवून आले अन् रिकामी केली."

मी कोल्हारला उतरले आणि देवळालीकडं जाणाऱ्या बसची वाट बघत उभी राहिले.