दहा प्लायचा टायर आणि नोरीनची पाठ

ऑर्विल बुकरचा हात आधी उठायचा, तोंड मागनं चालायचं. कॅन्ससच्या आमच्या गारगोटीच्या टेकड्यांत तापट माणसांची काही वानवा नाही, पण ह्या गड्याची जात निराळी. गुरांच्या बाजारात एकानं त्याच्या वळूला बोकड म्हटलं, तर ह्यानं त्याचे दात पाडले आणि मातीत पडलेले दात हुडकायला त्यालाच वाकायला लावलं.

बायको नोरीन त्याला पुरून उरलेली. मागल्या हिवाळ्यात एका ताज्या व्यालेल्या गाईनं तिला लोखंडी फाटकावर रेटून चेपली. पाठीचे मणके मोडले. ऑर्विलनं बंदूक आणली आणि गाईला जागच्या जागी पाडली. नोरीन खाली चिखलात पडलेली, तिथनंच ओरडली, "आधी वासरू तरी पिऊ द्यायचं हुतंस, मुडद्या!"

तेव्हापासून तिच्या कमरेला चामड्याचा रुंद पट्टा आला. गाडी चालवता यायची, काठी टेकत चार पावलं जाता यायचं. पळता मात्र येत नव्हतं.

आणि आमचा तर वसंत उजाडतो तोच पळापळीत. जुनं गवत जाळल्याशिवाय गुरांना नवं गवत मिळत नाही, म्हणून सगळा माळ पेटवायचा. जाळ हाताबाहेर जाऊ नये म्हणून पिकअपच्या हौद्यात पाण्याची टाकी ठेवून त्याच्या कडंकडंनं हिंडायचं. नोरीन स्टिअरिंगवर, ऑर्विल मागं नळी धरून, अशी त्या जोडीची रीत. टाकी भरली की मागची चाकं दबतात, आणि खाली गारगोट्या अशा की टायरची बगल भोपळ्यासारखी चिरतात. आगीपुढं गाडी बसली, की बसणारा गेला.

त्या साली बुकरच्या गाडीचे चारी टायर गुळगुळीत झाले होते. मला माझं पंक्चर काढायचं होतं, म्हणून ऑर्विल आणि मी मिळूनच लीलँडच्या टायरच्या दुकानात गेलो.

"ह्यो घे," लीलँडनं एका टायरला लाथ हाणली. "दहा प्लायचा, म्हंजी दहा थरांचा. गारगोटीचं दात पडतील, पन ह्याची बगल फाटायची न्हाई. टाकी भरून ने, न्हाईतर अख्खं चर्च भरून ने."

ऑर्विलनं बगल अंगठ्यानं दाबून बघितली. "दगूड हाय ह्यो."

"वजनाच्या गाडीला दगूडच लागतो."

"आन् त्यो?"

"त्यो सहाचा. नक्षी बघ, कशी अस्वलाच्या पंजावानी. पन शहरातल्या पोरांचा मिरवायचा टायर हाय त्यो. रबर मऊ, बगल पातळ. तुझ्या कामाचा न्हाई."

"सहाचंच बसव."

मला कळलं. येताना खडीच्या रस्त्यावर त्यानं मला सांगितलं होतं, की गाडी हादरली की नोरीन पट्ट्याचं टोक दातात धरते. बोलत नाही, नुसती चावते.

लीलँड फिदीफिदी हसला. "का रं? बायकूच्या बुडाखाली उशी पायजे व्हय?"

पहिला ठोसा नाकावर बसला. लीलँड टायरच्या चळतीवर उताणा गेला, उठताना हाताला पाना लागला, तो त्यानं ऑर्विलच्या खांद्यावर उतरवला. हाड वाजलेलं मी ऐकलं. ऑर्विलनं त्याचं डोकं टायरच्या भोकात कोंबलं आणि वरनं गुडघे घालायला लागला. मी मागनं ऑर्विलच्या गळ्याला मिठी मारली तेव्हा कुठं लीलँड सुटला.

पण साठ मैलांत दुसरं दुकान नाही आणि लीलँडलाही गिऱ्हाईक तेवढंच. नाकात चिंधी कोंबून त्यानं टायर बसवले. "मी नगं म्हनलं हुतं," तो रक्त थुंकत म्हणाला. "वेन्डेल, तू साक्षीला हायस."

घरी नोरीननं गाडी अंगणात फिरवून बघितली आणि विचारलं, "कुठलं आनलंस?"

"दहाचं."

"मग लोण्यावानी कसं चालतंय?"

"नवं हाय," ऑर्विल म्हणाला आणि गोठ्यात निघून गेला.

पेटवणीच्या दिवशी वारा सरळ होता. मी माझी गाडी घेऊन जळलेल्या भागात राहून त्यांच्या मागनं उरलासुरला जाळ विझवत होतो. मध्येच एक ठिणगी उडून पलीकडच्या उभ्या गवतात पडली. ती मारायला नोरीननं गाडी गवतात घातली, आणि नेमका वारा फिरला. त्यांच्या आणि माझ्यामध्ये जाळाची भिंत उभी राहिली, गाडीच्या टपाहून उंच.

तेवढ्यात बंदुकीसारखा आवाज झाला. मागचा टायर बगलेतनं फाटला होता. टाकीच्या वजनानं गाडी एका कुशीवर बसली.

अशा वेळी आगीपुढं पळायचं नसतं. जाळ फोडून जळलेल्या काळ्या जमिनीवर यायचं, हे आमच्याकडं शेंबडं पोरही जाणतं. "काळ्यात घाल!" मी बोंबललो. जाळाच्या फटींतनं दिसलं, नोरीननं स्टिअरिंग आधीच वळवलं होतं. उघडी रिम गारगोट्यांवर किंचाळत होती. ऑर्विल हौद्यात उभा. नळीचं सगळं पाणी तो टपावर, तिच्या खिडकीवर मारत होता, स्वतःवर थेंब नाही.

पुढची चाकं काळ्यात आली, आणि मागचा दुसराही फुटला. रिम रुतली, गाडी थांबली. हौदा जाळातच.

ऑर्विल पेटत्या बाह्यांनिशी उडी मारून तिच्या दाराशी आला. दार तव्यासारखं तापलेलं. त्यानं ते नुसत्या हातांनी उपटलं आणि पट्ट्याला धरून नोरीनला बाहेर ओढली. ती ओरडली तशी मी गाडी तिकडं दामटली. तापल्या राखेतनं तो तिला फरफटत नेत राहिला. मागं उरलेले टायर एकेक करून फुटले.

मी पोचलो तेव्हा त्याच्या तळहाताची कातडी दाराला राहिली होती. एक कान वितळून गालाला चिकटलेला. नोरीननं राखेत पडल्या पडल्या मूठ वळली आणि त्याच्या तोंडावर मारली.

"दहाचं म्हनला हुतास!"

"तुझी पाठ—"

"पाठीच्या आयला! पाठ मोडकीच हुती, जीव धड हुता. त्योच द्यायला निघाला हुतास व्हय?"

तिनं पुन्हा मारली. त्यानं तोंड फिरवलं नाही.

दोघांना माझ्या गाडीत घातलं. माझे टायर दहाचे, हवा टच्च भरलेली. प्रत्येक दगडाला नोरीन गुरागत हंबरत होती. हात कामाचे उरले नव्हते, म्हणून ऑर्विलनं तिला कोपरांत धरली होती.

"हळू रं, वेन्डेल! मरंल ती!"

"जोरात हान!" ती त्याच्या छातीतनं ओरडली. "ह्याचं ऐकू नगंस. ह्याचं ऐकलं म्हनून तर ही गत झाली!"

मी जोरात हाणली. दवाखान्याच्या दारात तिला उचलली तेव्हा तिचे पाय लोंबत होते. एक बूट निसटून पडला, तिच्या पायाला ते जाणवलंच नाही. पण डॉक्टरापासून दारवानापर्यंत सगळ्यांना ती शिव्या देत होती, आणि ऑर्विल तिच्या मागोमाग भिंतीला कोपरं टेकत आत गेला.