सुमित्राक्काची घरोघरची शाळा

भाऊजींचा फोन आला तेव्हा बोगादीच्या आमच्या शाळेत दुपारची पंगत बसली होती. एरवी ते मराठीत कन्नड मिसळून भरभर बोलतात. त्या दिवशी एवढंच म्हणाले, "तुझी अक्का गेली गं... झोपेतच." मी सांबार वाढत होते. पळी तशीच हातात राहिली आणि समोरची मुलगी ताट पुढे करून माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

सुमित्राक्का माझी मावसबहीण, माझ्याहून बरीच मोठी. अग्रहारातल्या वडिलांच्या शिवणकामाच्या दुकानात, मशीनच्या आवाजात तिनं अभ्यास केला. मी शिक्षिका झाले ती तिच्यामागून चालत चालत. मेटगळ्ळीच्या सरकारी शाळेत ती मुख्याध्यापिका होती. मुलांचे आईवडील बहुतेक कारखान्यांत पाळीवर जाणारे. पालकसभेला खुर्च्या रिकाम्याच. शिक्षकांना वाटायचं, यांना मुलांची काळजी नाही. पालकांना वाटायचं, शाळेनं बोलावलं म्हणजे बोलणीच खायची.

सातवीतली मंगला यायची बंद झाली तेव्हा सगळे धरून चालले, गावी गेली असेल. अक्कानंही तेच धरलं. शेवटी ती तिच्या घरी गेली, तर मंगलाचे वडील हात मशीनमध्ये सापडून घरी पडलेले, आणि कुणा लांबच्या नात्यातल्या बाईनं मुलीला घरकामासाठी बेंगळुरूला नेलेलं. मंगलाची आई राजम्मा दारातच म्हणाली, "मिस, तुमच्यापैकी कुणी आधी आलं असतं, तर मी तिला पाठवलीच नसती. एकटीला काही सुचलं नाही हो."

अक्का राजम्माला घेऊन बेंगळुरूला गेली. पोलिसांत तक्रार दिली, गल्ल्या पालथ्या घातल्या. मंगला जिथं कामाला होती ते कुटुंब घर बदलून गेलं होतं. मंगला सापडली नाही... आजतागायत नाही.

त्यानंतर अक्कानं पालकांना शाळेत बोलावणं सोडलं आणि स्वतः त्यांच्याकडे जाऊ लागली. पाळी सुटताना कारखान्याच्या फाटकाबाहेर उभी राहायची. रविवारी देवळाच्या मंडपात सभा घ्यायची, आणि राजम्मा घरोघर फिरून बायकांना गोळा करायची. अशाच एका सभेला जवळच्या हायस्कूलचे मुख्याध्यापक आले होते. घरी लक्ष देत नाहीत म्हणून मुलं गळतात, असं ते सांगू लागले. राजम्मा उठली. पदर खोचून म्हणाली, "सर, माझ्यासारखीला तुमच्या फाटकातून आत तरी सोडतात का?"

सरांचा चेहरा लाल झाला. अक्कानं सतरंजीवर आपल्या शेजारची जागा हातानं झाडली. "इकडे बन्नी सर, या. बसा खाली. उत्तर मागाहून द्या, आधी यांचं ऐका."

ते बसले. का बसले कोण जाणे, पण अंधार पडेपर्यंत बसले. त्या सभेत ठरलं की मूल दिसेनासं झालं तर शिक्षक आणि शेजारची एखादी आई, दोघांनी मिळून त्याच्या घरी जायचं. लवकर जायचं. हायस्कूलनंही ते मान्य केलं.

पुढे खात्यानं तालुक्यातल्या सगळ्या शाळांचं हे काम तिच्यावर सोपवलं. सगळीकडे मंडपातल्यासारखं घडलं नाही. एका गावात सरपंचांनी तिला बाहेरची बाई म्हणून परत पाठवलं. शिक्षक कुरकुरायचे, आणि त्यांचंही खोटं नव्हतं. आधीच कामांनी ते पिचलेले. अक्का चिडायची, घरी येऊन भाऊजींवर ओरडायची, सकाळी पुन्हा बस धरायची. पण मुली परत येऊ लागल्या. उर्दू शाळेतल्या मुलांच्या आया कन्नड शाळेतल्या सभेला बसू लागल्या. कुठे गावातल्या शिंप्यानं गणवेश शिवून दिले, कुठे रिक्षावाल्यांनी हायस्कूलच्या वाटेवर लक्ष ठेवायचं कबूल केलं.

निवृत्तीच्या समारंभात तिच्यावर भाषणं चालली होती. किती मुली शिकल्या, किती घरं सावरली... ती माझ्या शेजारी बसून हळूच म्हणाली, "एक राहिलीच गं." टाळ्या वाजल्या तेव्हा ती डोळे पुसत होती. लोकांना वाटलं, आनंदानं.

गेल्या आठवड्यात माझ्या वर्गातली एक मुलगी येईना, म्हणून मी तिच्या घरी गेले. बरोबर यायला कबूल झालेली शेजारीण ऐनवेळी अडकली, म्हणून एकटीच. दार अर्धवट उघडून तिची आई उभी राहिली. नजरेत तीच भीती, आता ही बाई काय बोलणार. मला अक्काची सवय आठवली. कुणाच्याही दारात ती आधी मुलाचं नाव काढायची नाही. पिशवीत बाटली असली तरी पाणी मागायची. मी विचारलं तेव्हा म्हणाली होती, "आपण मागितलं की त्या घरची माणसं यजमान होतात. मग बोलतात."

"स्वल्प नीरु कोडतीरा?" मी म्हटलं. थोडं पाणी द्याल का?

बाईचा चेहरा सैल झाला. तिनं दार पूर्ण उघडलं, चटई टाकली, घासून लख्ख केलेल्या लोट्यातून पाणी आणलं. मी एक घोट घेतला आणि पदरानं डोळे पुसले. ती समोर बसली आणि म्हणाली, "काय झालं मिस? सावकाश प्या."