गजूचा ठिपका

आमच्या बाबांना सकाळी अकराला न्यायचं होतं, पण ते संध्याकाळपर्यंत थांबले, आणि त्या दिवशी घरात शांत डोक्याचे तेवढे एकटेच होते.

थांबायचं कारण माझा धाकटा भाऊ गजू. पस्तिशी ओलांडल्यावर त्याला अवजड वाहनाचा परवाना काढायची बुद्धी झाली आणि तो लांब पल्ल्याच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून लागला. लागताना मालकाच्या माणसानं सांगितलं होतं, एकवीस दिवस गाडी, तीन दिवस घर. आम्हा सगळ्यांना ते पटलं. बाबांना सोडून. बाबा स्वतः एसटीत ड्रायव्हर होते, सगळी नोकरी उमरेडच्या फेऱ्यांवर काढली आणि रोज रात्री घरच्या ताटावर जेवले. ते म्हणाले, "नव्या ड्रायव्हरले सगळ्यात जुनी गाडी देतात. घरी कवा यायचं ते मालक नाही, गाडी ठरवते."

गाडीनं तसंच ठरवलं. गजूच्या सुट्टीला दोन दिवस उरले की तिचं काहीतरी जायचं, आणि मालासकट बंद पडलेली गाडी सोडून ड्रायव्हरनं हलायचं नाही असा नियम. मग गजू आपले तीन दिवस कुठल्यातरी गॅरेजच्या आवारात, ट्रकच्या सावलीत काढायचा. आमच्या घरात सणसुद्धा ट्रकच्या भागांवरून लक्षात राहू लागले. क्लचप्लेट गेली तो पोळा. मागचे पाटे तुटले ती दिवाळी. माझ्या मुलीचा साखरपुडा रेडिएटरमध्ये गेला.

गजू येत नाही म्हणून बाबा खचत चालले, तेव्हा मी एक उपाय काढला. (मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. हरवलेली गोष्ट नेमकी कुठे आहे हे सांगता आलं की ती सापडल्यासारखीच आहे, असं मानण्याची मला नोकरीतच सवय लागली.) माल पाठवणाऱ्यांना गाडी कुठवर आली हे मोबाइलवर पाहता येतं. गजूनं ऑफिसातल्या कोणाला तरी गळ घालून ती सोय माझ्या मोबाइलवर करून दिली. नकाशावर एक निळा ठिपका. मी त्याला पहिल्या दिवसापासून गजू म्हणू लागलो आणि घरानंही.

रोज सकाळी चहानंतर बाबा विचारत, "गजू कुठी हाये गा?" मी मोबाइल पुढे धरायचो. ते चष्मा लावून ठिपक्यावर बोट ठेवत. बोट ठेवलं की नकाशा सरकायचा आणि गजू बंगालच्या उपसागरात जायचा. बाबा घाबरून बोट काढायचे, मी त्याला परत ओडिशाच्या रस्त्यावर आणून ठेवायचो. शेवटच्या आठवड्यात त्यांना अन्न जात नव्हतं, पण ठिपका पाहिल्याशिवाय ते औषध घेत नसत. एकदा मला म्हणाले, "माह्या वक्ती तो असला पाहिजे." मी म्हणालो, असेल. इतक्या सहज म्हणालो, की आता आठवलं तरी लाज वाटते.

ते पहाटे गेले. मी लगेच गजूला फोन केला. तो रायपूर मागे टाकून निघाला होता. फोनवर गाडी कडेला घेतल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "दोनपर्यंत येतो दादा. माह्याबिगर नेऊ नका." त्यानंतर त्याचा फोन बंद झाला तो बंदच.

माती कधी करायची याचा निर्णय नानाकाकांकडे होता. नानाकाका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, नरखेडकडे संत्र्याची बाग, आवाज विहिरीवरच्या पंपावरूनही ऐकू जावा असा. ते म्हणाले, अकराचं ठरत होतं, आता दोन तर दोन, पण दिवस मावळायच्या आत. बर्फाच्या लाद्या आल्या, बाबांना पुढच्या खोलीत ठेवलं, आणि मला आपोआप एक पद मिळालं. मी दाराशी खुर्ची टाकून मोबाइल घेऊन बसलो. आमच्या वस्तीतला, सक्करदऱ्यातला, येणारा प्रत्येक जण आधी बाबांचं दर्शन घ्यायचा आणि मग माझ्याकडे येऊन हळू आवाजात विचारायचा, "कुठवर आला?" मी स्टेशनवरच्या चौकशीच्या खिडकीसारखा उत्तर द्यायचो. एका कागदावर वेळा आणि गावंही लिहीत गेलो. रडण्यापेक्षा ते मला जमत होतं.

दहाच्या सुमारास गजू देवरीला आला आणि थांबला.

पहिली पंधरा मिनिटं मी कागदावर 'देवरी' एवढंच लिहून ठेवलं. मग माझ्या एका हुशार भाच्यानं नकाशा मोठा करून दाखवला. ठिपक्याशेजारी ढाब्याचं नाव होतं. ही बातमी मांडवात पोचायला फार वेळ लागला नाही. अर्ध्या तासानं नानाकाका माझ्यासमोर उभे राहिले.

"बाप बर्फावर हाये अन् हा ढाब्यावर बसून राहिला? काहून?"

मी म्हणालो, चहा घेत असेल, रात्रभर गाडी चालवली आहे. ते म्हणाले, एक तास झाला, चहा आहे की पंगत? मला गजूची बाजू घ्यायची होती. पण ठिपका माझ्या हातात होता आणि तो ढाब्यावरच होता. पुराव्यापुढे मी आयुष्यात कधी बोललो नाही, तेव्हाही बोललो नाही. माझी बायको सुनंदा मात्र आतून येऊन म्हणाली की भाऊजी असे नाहीत, काहीतरी झालं असेल. तिच्याकडे पुरावा नसल्यानं कोणी लक्ष दिलं नाही.

साडेबाराला ठिपका हलला. मी ते जरा मोठ्यानं जाहीर केलं. पण हलला तो इतका सावकाश, की साकोली यायलाच दीड तास लागला. पुन्हा चर्चा सुरू झाली. शेवटी नानाकाकाच विरघळले. "दुःखात हाये पोरगा," ते म्हणाले, "हात कापत असन त्याचा. येऊ दे हळूहळू." दोन वाजून गेले, तीन वाजले, लाद्या बदलल्या. मांडवातले सगळे ठिपक्याच्या दुःखाबद्दल बोलत होते.

पावणेचारला मी हिशोब मांडला. गजू भंडाऱ्याच्या पुढे आला होता. पण दिवसा अवजड गाड्यांना शहरात बंदी असते. त्याला ट्रक बाहेर लावून, रिक्षा शोधून यायला आणखी तास गेला असता आणि हिवाळ्यातला सूर्य काही थांबला नसता. मी नानाकाकांना सांगितलं, मी स्कूटर घेऊन पुढे जातो, मौद्याला त्याला गाठतो, मालकाचं काय व्हायचं ते होवो, मागे बसवून घेऊन येतो. नानाकाकांनी प्रथमच माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मी कामाचा माणूस आहे असं मलाही प्रथमच वाटलं.

निघताना मी पाण्याची बाटली आणि धुतलेला टॉवेल घेतला. भंडारा रोडवर स्कूटर चालवत मनात एक वाक्यही जुळवलं: गजू, बाबा गेले, पण तुझं नाव घेत शांतपणे गेले. (ते शांतपणे गेले नव्हते. पण वाक्य चांगलं होतं.) पारडी ओलांडल्यावर गजू कुठवर आला ते पाहायला मोबाइल काढला, तर तो बंद. पहाटेपासून मी त्याच्यावर नकाशा उघडा ठेवला होता. गजूला आणता आणता बॅटरी संपली होती.

मौद्याच्या अलीकडे रस्त्याकडेला मी उभा राहिलो. पाचच्या सुमारास गजूचा ट्रक दिसला. नंबर मला पाठ होता. मात्र तो स्वतः चालत नव्हता. त्याच्यापुढे दुसरा ट्रक होता, आणि लोखंडी दांड्यानं जोडलेला गजूचा ट्रक त्याच्यामागून ओढला जात होता. त्या हळू चालीत दुःख वगैरे काही नव्हतं. मी टॉवेल हलवला. गाड्या थांबल्या. गजूच्या ट्रकमधून एक अनोळखी, पांढऱ्या मिशांचा ड्रायव्हर उतरला.

"तुमी गजूचे भाऊ का?" त्यानं विचारलं. "तो तं कवाच गेला एष्टीनं. आतापावतो घरी पोचला असन."

त्यानं सगळं सांगितलं. देवरीजवळ पंख्याचा पट्टा तुटून इंजिन तापलं, त्यात बॅटरीही बसली, मोबाइल चार्ज होईना. गजू दोन तास ढाब्यावरच्या फोनवरून ऑफिसात हात जोडत होता, मला जाऊ द्या म्हणून. ऑफिस म्हणत होतं, मेकॅनिक येईपर्यंत गाडी सोडू नको. शेवटी हा ड्रायव्हर आणि त्याचा जोडीदार तिकडून रिकामी गाडी घेऊन येत होते, त्यांनी ट्रक ओढून न्यायचं कबूल केलं, मग याच्या हातात किल्ली देऊन गजू बसमध्ये चढला.

"घरचा नंबर पाठ नव्हता त्याले," तो म्हणाला. "म्हने, दादाले ठाव असते मी कुठी हावो ते."

ते यंत्र ट्रकला बसवलेलं असतं, ड्रायव्हरला नाही, ही गोष्ट मला तिथे, त्या रस्त्याकडेला, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळली. त्या माणसानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला की वडील शांतपणे गेले असतील. माझ्याच बाटलीतलं पाणी त्यानं मला पाजलं.

परतताना पारडीला गर्दी होती. घरी पोचलो तेव्हा मांडव रिकामा होता. सुनंदा पुढची खोली धूत होती. तिनं वर न पाहता सांगितलं, भाऊजी सव्वाचारला आले, बाबांजवळ बसले. मग सगळ्यांनी तुमची वाट पाहिली. शंभरदा फोन लावला. नानाकाका म्हणाले, सूर्य काही मोबाइलवर चालत नाही. मग नेलं.

मी घाटावर गेलो. चितेनं चांगला पेट घेतला होता. बाबांचा चेहरा मी सकाळपासून नीट पाहिला नव्हता, ठिपक्याकडे पाहत होतो, हे मला तेव्हा जाणवलं.

गजू एका ओट्यावर बसला होता. दाढी वाढलेली, हातांवर ऑइल, ते धुवायलाही त्याला वेळ मिळाला नव्हता. त्याच हातांनी त्यानं अग्नी दिला होता, जो थोरला म्हणून मी द्यायचा होता. मी शेजारी बसलो. जुळवलेलं वाक्य काही उपयोगाचं राहिलं नव्हतं.

"कुठी होता गा दादा?" त्यानं विचारलं.

"तुले आणायले गेलो होतो."

त्यानं माझ्याजवळचा टॉवेल घेऊन तोंड पुसलं. मग म्हणाला, "मंग? भेटलो का मी?"

आधी तो हसला की मी, ते आता सांगता येत नाही. आम्ही दोघं तोंडावर टॉवेल धरून, खांदे हलवत हसलो, आणि त्यातच केव्हातरी रडू लागलो. लांबून पाहणाऱ्यांना दोन्ही सारखंच दिसलं असेल. गजू म्हणाला की बाबांना तो जरा उशिराच भेटला, पण भेटला. मी ते मान्य केलं. माझ्या बाबतीत तेवढंही म्हणता येत नव्हतं.

गजू अजून ट्रकवरच आहे. गाडी दुसरी मिळाली, तीही जुनीच. पण घरी काही कार्य ठरलं की नानाकाका आदल्या दिवशी त्याची चौकशी करत नाहीत. ते नरखेडहून मला फोन करतात आणि विचारतात, "तू निघाला का?"

कार्य माझ्याच घरी असतं.