काकांच्या गाडीचं अभ्यंगस्नान

राजस्थानातून निघालेली धूळ एवढा लांबचा पल्ला मारून दिल्लीत यायची ती केवळ आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांना हरवायला, आणि दर रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास हात हलवत परत जायची, असं माझं प्रामाणिक मत आहे. बाकीच्या दिल्लीने धुळीपुढे केव्हाच हात टेकले आहेत. इथे माणसं खिडकीच्या काचेवर बोट फिरवतात, बोटाकडे बघतात आणि "आँधी आई थी" म्हणून चहा प्यायला बसतात. काका बसत नसत. द्वारकेतल्या आमच्या सोसायटीतल्या झाडून सगळ्या गाड्या ऋतुमानाप्रमाणे खाकी किंवा राखाडी असतात. एकच गाडी बाराही महिने निळी असायची, ती काकांची. घर बघायला कुणी आलं की दलाल त्याला आधी त्या गाडीपाशी न्यायचा आणि म्हणायचा, "देखिए, यहाँ धूल बिल्कुल नहीं आती." हे मलाही ऐकवण्यात आलं होतं, आणि त्यावर विश्वास ठेवून मी घर घेतलं आहे.

काका केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. उभी नोकरी आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर आणि एक स्कूटर यांवर काढली. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना ही छोटी पेट्रोल गाडी घेतली. ती त्यांनी चालवली असती तर तिचा उपयोगही झाला असता. पण चालवल्याने गाडी मळते. त्यामुळे काका कोपर्निकस मार्गावर जुन्या दोस्तांना भेटायला मेट्रोने जात, मंडईला पायी जात, आणि गाडी घरी सुखात असे. पहाडगंजच्या मराठी गणपतीला मात्र वर्षातून एकदा ती बाहेर निघे. एका वर्षी मला तिच्यात बसायचा मान मिळाला. आधी बूट एकमेकांवर आपटून झटकायला लावले, पायाखाली कालचा पेपर अंथरला. परतताना माझ्या हातात प्रसादाचा मोदक होता. काकांनी दार उघडलं नाही. "सावकाश खा. मला घाई नाही," एवढंच म्हणाले. मी फुटपाथवर उभ्याने मोदक संपवला, काकांनी बाटलीतलं पाणी माझ्या हातावर घातलं, बोटं वाळल्याची खात्री केली आणि मग मला आत घेतलं.

रविवारच्या कार्यक्रमाला गाडी धुणं म्हटलेलं काकांना खपत नसे. "धुणं कपड्यांचं असतं," ते म्हणत. "हे अभ्यंगस्नान." सकाळी सहाला उन्हाच्या आत दोन बादल्या अंगणात येत. एक साबणाच्या पाण्याची, दुसरी हातमोजा खंगाळायची. दुसरीच्या तळाशी एक जाळी असे, म्हणजे मोज्यातून निघालेली कचकच जाळीखाली बसावी आणि पुन्हा गाडीच्या अंगाला लागू नये. अशा जाळ्या बाजारात मिळतात म्हणे, पण काकांना हव्या त्या मापाची जाळी घरातच सापडली होती, काकूंच्या पुरणयंत्रात. "होळीला डाळ शिजवून यंत्र काढलं तर त्याला बूडच नाही!" काकू मला सांगत होत्या. "विचारलं तर म्हणतात, पुरण वर्षातून एकदा आणि अभ्यंग बावन्न वेळा, आता तूच सांग, पब्लिक इंटरेस्ट कशात आहे?" त्या होळीला त्यांच्याकडे शिरा झाला. आमच्याकडेही त्यातलाच आला.

द्वारकेतलं बोअरचं पाणी जड. गाडीवर वाळलं की पांढरे ठिपके ठेवून जातं. म्हणून शेवटचं पाणी एसीच्या नळीतून ठिबकणारं. काकांचा सिद्धान्त असा, की हवेतून निघालेल्या त्या पाण्यात क्षार नसतात. मे महिन्यात सारी दिल्ली गारव्यासाठी एसी लावते, काका पाण्यासाठी लावत. घरचं पुरेना म्हणून त्यांनी माझ्या नळीखालीही डबा ठेवला होता. एकदा सकाळी सकाळी दार वाजवून म्हणाले, "परवापासून तुमच्याकडून थेंब नाही. घरात सगळे बरे आहेत ना?" आम्ही गावाला जाऊन आलो होतो. त्यांच्या चौकशीत काळजी किती आणि पाणी किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

फडक्यांची तर पूर्ण सरकारी श्रेणी होती. छताचा फडका वेगळा, दारांचा वेगळा, काचांचा वेगळा. जो जमिनीवर पडला त्याची त्याच क्षणी पदावनती होऊन तो चाकांकडे जाई, आणि तिथून बढती नाही. घरातले, शेजारचे, माझे जुने टूथब्रश चाकांच्या बोळकांडीत सेवा बजावत. मग यायची मळलेल्या कणकेसारखी एक चिकणमाती. आधी काका हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून बोनेटवरून अलगद बोटं फिरवत, डोळे मिटून. पिशवीतून न दिसणारी खरखर कळते. "इथे आहे," ते पुटपुटत आणि तेवढ्याच जागी ती माती चोळत, खरखर जाईपर्यंत. गुडघे दुखत असल्याने चाकांपाशी पाटावर बसलेले काका आपले आपण उठू शकत नसत. मी गॅलरीतून दिसलो की नुसता हात वर करत. मी खाली जाऊन त्यांना ओढून उभं करायचो.

आणि मग साडेनऊ. काका फोल्डिंगच्या खुर्चीत बसत, काकू चहा आणून देत, आणि ते पेल्यातलं चार थेंब पाणी बोनेटवर शिंपडत. थेंब गोल होऊन पळत सुटत. "बघा, एक थांबतो का बघा," असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असे, ते मला एकाही अप्रेझलने दिलेलं नाही. शेजारीच माझी गाडी उभी असे. एकदा तिच्या धुळीत कुणीतरी बोटाने लिहून ठेवलं होतं, 'मलाही'. सोसायटीत मराठी घरं दोनच, त्यामुळे तपास फार लांबला नाही. काकू स्वयंपाकघरात पदर तोंडाला लावून हसत होत्या.

काकांची मुलगी दिल्लीतच वाढली. आता गुरुग्राममध्ये राहते, नवऱ्यासकट रविवारी माहेरी येते. तिचं मराठी म्हणजे वरण कमी आणि दालफ्राय जास्त. "बाबा, यार, तू ना बिल्कुल हद करतोस," हे तिचं ठेवणीतलं वाक्य. पण एक गंमत होती. विसळणं, खंगाळणं, निथळणं, कचकच, ओरखडा, असे इथल्या मुलांच्या तोंडून गेलेले शब्द तिला अचूक येत, कारण कॉलेजात असल्यापासून दर रविवारी पाण्याचा पाइप तिच्या हातात असे. सगळे शब्द गाडीच्या निमित्ताने आलेले. यातून एकदा अनर्थ झाला. त्यांच्या घरात दिवाळीला नुसतं 'पहिली आंघोळ' म्हणत, अभ्यंगस्नान हा शब्द काकांनी गाडीसाठी राखून ठेवलेला. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला पुण्याहून सासूबाईंचा फोन आला, "काय गं, आमच्या चिरंजीवांचं अभ्यंगस्नान झालं का?" चिरंजीव म्हणजे गाडीच असणार, असं समजून ही निरागसपणे म्हणाली, "नाही ना आई, ते वर्कशॉपमध्ये दिलेत, ब्रेक लागत नव्हते. बाबा म्हणाले, आल्यावर मी स्वतः करतो." 

माझ्याकडून घडलेला अनर्थ याहून मोठा. काकांना आठवडाभर ताप होता, गाडीवर धूळ चढत होती. मला राहवेना. घरातला पिवळा फडका घेऊन मी ती चकचकीत केली आणि त्यांच्या घरी जाऊन सांगितलं, "काका, काळजी करू नका, मी गाडी पुसली." काका अंथरुणात उठून बसले. "पुसलीत की टिपलीत?" मला फरक कळेना. तशा तापात त्यांनी मला शिकवलं. "पुसणं म्हणजे फडका ओढणं. धुळीवरून फडका ओढला की धूळच अंग ओरबाडते. टिपणं म्हणजे फडका वर नुसता ठेवायचा, पाणी त्याचं त्याला पिऊ द्यायचं, आणि उचलायचा. ओढायचं नाही." मुलगी उशाशी बसली होती, ती हसून म्हणाली, "दादा, घरात याच्यावर एग्झाम होते. मी तीनदा फेल आहे." ऊन पडल्यावर खाली जाऊन पाहिलं, तर बोनेटभर कोळिष्टकासारखे बारीक ओरखडे. काका मला एका शब्दाने बोलले नाहीत. पुढचे तीन रविवार ते माझं पाप घासून काढत होते, आणि मी पाइप धरून उभा होतो.

आणि गेल्या वर्षी गाडीची पंधरा वर्षं भरत आली. दिल्लीत पेट्रोलची गाडी पंधरा वर्षांची झाली की तिला रस्ता बंद. एक तर ती मोडीत काढा, नाही तर ना-हरकत घेऊन बाहेरच्या राज्यात पाठवा. कधी नियम सैल होतो, कधी आवळतो, त्यामुळे लोक आशेवर राहतात. काका आशेवर राहिले नाहीत. "मी त्या टेबलावर असतो तर मीही हेच नोटिंग केलं असतं," ते म्हणाले. आणि पुढे म्हणाले, "फक्त गाडी बघायला एक माणूस पाठवला असता." मोडीचं नाव मात्र कुणी काढायचं नाही. एका पत्र्यावर पंधरा वर्षं हात फिरवायचा आणि तो यंत्राच्या जबड्यात द्यायचा, या विचाराने त्यांची झोप उडाली होती. काकू सांगत, पहाटे चारला उठून खिडकीतून गाडीकडे बघत बसतात.

तेव्हा गाडीला घर शोधायचं ठरलं. अंबाल्याहून एक सज्जन आले. गाडी बघून त्यांचे डोळे दिपले, काका घालतील ती अट मान्य करायला ते तयार होते. काकांना एकच गोष्ट विचारायची होती. "धोने के बाद आप पोंछते हैं, या..." आणि ते अडले. हिंदीत पन्नास वर्षं काढलेल्या माणसाला शब्द मिळेना. "या?" सज्जनांनी विचारलं. "या... टिपते हैं?" सज्जन मोकळेपणाने हसले, "अंकल जी, टिप तो वेटर को देते हैं!" चहा झाला, सौदा झाला नाही. "भला माणूस आहे हो," ते गेल्यावर काका म्हणाले, "पण त्याच्या भाषेत ती सोयच नाही."

राहता राहिला वर्ध्याचा धाकटा भाऊ. त्याची ख्याती अशी, की तो स्कूटर कपड्याच्या साबणाने धुतो आणि जुन्या बनियनने पुसतो. तरी मुलीच्या आग्रहाखातर फोन लावला, स्पीकरवर. मीही होतो. "धुतल्यावर काय करशील?" काकांनी दरडावून विचारलं. "टिपीन, दादा. पुसणार नाही." काका चमकले. "फडका जमिनीवर पडला तर?" "मग तो चाकांना. परत वर नाही." "आणि बादलीत?" "जाळी, दादा. कचकच खाली बसायला." काकांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "शेवटी रक्त आहे." मुलगी छताकडे बघत होती. आदल्याच संध्याकाळी ती मला वर येऊन विचारून गेली होती, "दादा, 'निथळणे' लिहिताना ळच ना? वर्ध्याच्या काकाला व्हॉट्सॲप करायचंय." पेपर फुटला होता, हे मी काकांना आजतागायत सांगितलेलं नाही.

ट्रक रविवारी अकराला यायचा होता. काका साडेपाचलाच बादल्या घेऊन खाली. त्या दिवशी काही म्हणजे काही सोडलं नाही. माती झाली, मेण झालं, गाडीतल्या एसीच्या जाळ्यांतून कान कोरायच्या काड्या फिरल्या. मी न राहवून म्हटलं, "काका, उघड्या ट्रकवरून जाणार ती. मथुरेच्या आत खाकी होईल."

"माहीत आहे."

"मग?"

"आज रविवार आहे," काका म्हणाले.

डिकीत दोन बादल्या, फडक्यांची श्रेणीवार गाठोडी आणि एसीच्या पाण्याचे तीन डबे गेले. काकू खाली आल्या, बादलीच्या तळाशी त्यांनी स्वतःच्या हाताने पुरणयंत्राची जाळी ठेवली. "असू दे तिच्याबरोबर," म्हणाल्या, "मी चाळणीवर भागवीन." ट्रक आला, गाडी फळीवरून वर चढली, उन्हात अशी लखलखली की ड्रायव्हरनेही विचारलं, "नई है क्या?" काकांनी होय म्हणून मान हलवली. खोटं बोलताना मी त्यांना तेवढं एकदाच पाहिलं.

ट्रक फाटकातून वळला आणि दिसेनासा झाला. आम्ही उगाच उभे होतो. अंगणात एक ओला चौकोन राहिला होता. काकांनी चष्मा वर केला, खिशातला रुमाल काढला आणि डोळे खसाखसा चोळायला लागले. मुलगी पुढे झाली. तिने त्यांचं मनगट धरलं आणि यार नाही, बिल्कुल नाही, स्वच्छ मराठीत हळूच म्हणाली,

"बाबा, पुसू नको. टिप."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. रुमालाची नीट घडी केली, डोळ्यावर नुसती ठेवली, पाणी तिचं तिला पिऊ दिलं, आणि उचलली.